जंतांवर वनौषधी वापरायच्या असतील तर: नवख्यांसाठी पायरीपायरीने

वावडिंग दिलं की जंत पडतात, एवढी माहिती बहुतेकांना असते. कुठले जंत, किती वावडिंग, कशाबरोबर घ्यायचं, आणि नाहीच पडले तर पुढे काय करायचं, इथे मात्र सगळे गप्प होतात. या लेखात तेवढंच सांगायचं आहे. वनस्पतींची नावं यात येतील, पण लेखाचा निम्मा भाग वनस्पतींबाहेरचा आहे, कारण या उपचाराचं यश तिथेच ठरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. जंतांवरच्या ज्या जुन्या वनस्पतींचा नीट अभ्यास झाला आहे, त्यातल्या बऱ्याचशा जंतांना मारत नाहीत. त्या त्यांना गुंगवतात, लुळं पाडतात. जिवंत जंत आतड्याच्या प्रवाहाविरुद्ध सतत वळवळत किंवा भिंतीला धरून आपली जागा राखत असतो. त्याचे स्नायू ढिले पडले की ती जागा सुटते. पण तो तिथून बाहेर गेला नाही, तर गुंगी उतरल्यावर पुन्हा ठाण मांडतो. म्हणून चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचा उपचार तीन भागांत सांगितला आहे: अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणं; प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोटात राहणं नकोसं होईल असं करणं; आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने ते झाले ते कारण टाळणं. हल्ली आपण मधलाच भाग उचलतो, चमचाभर चूर्ण घेतो आणि काम झालं असं समजतो.

पहिली पायरी: जंत आहेत का, आणि कुठले

झोपेत दात खाणं, नाक खाजवणं, गालावर पांढरट चट्टे, सारखं गोड मागणं: यातलं काहीही जंतांचा पुरावा नाही. गालावरचे चट्टे बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात. गोड खाल्ल्याने जंत होतात हाही गैरसमजच. जंत होतात ते त्यांची अंडी तोंडावाटे पोटात गेल्यामुळे किंवा अळ्या कातडीतून शिरल्यामुळे. काही प्रकारचे कच्च्या मांसातूनही येतात.

प्रकार ओळखणं गरजेचं आहे, कारण प्रत्येकाची राहण्याची तऱ्हा वेगळी आणि त्यामुळे उपायही वेगळा.

गोल जंत सगळ्यांच्या ओळखीचा. गांडुळासारखा दिसतो, पण फिकट पांढुरका. मादी 20 ते 35 सेंटिमीटर लांब होते आणि दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. गिळलेल्या अंड्यातून निघालेली अळी आधी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे फुप्फुसात जाते, तिथून घशात येते, पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात वाढते. या प्रवासाला आणि वाढीला मिळून दोन-तीन महिने लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की आज घेतलेलं औषध फक्त आतड्यातल्या जंतांपर्यंत पोहोचतं. वाटेवर असलेले नंतर येऊन दाखल होतात. म्हणून एका फेरीत सगळं निपटलं असं कधी धरू नये.

सूतकृमी म्हणजे सेंटिमीटरभर लांबीचे पांढरे दोऱ्याचे तुकडे. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, म्हणून रात्रीची खाज. याची गंमत अशी की शौचाच्या साध्या तपासणीत तो बहुतेकदा सापडतच नाही. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, आणि तीही लागोपाठ तीन सकाळी.

अंकुशकृमी सर्वांत लबाड. तोही सेंटिमीटरभराचाच, पण लहान आतड्याच्या भिंतीला तोंड रुतवून रक्त पितो आणि शौचात सहसा दिसत नाही. अनवाणी पायाच्या कातडीतून त्याची अळी शिरते. थकवा, धाप, फिकटपणा, म्हणजे रक्त कमी झाल्याची लक्षणं, यावरून संशय घ्यायचा आणि शौच तपासून खात्री करायची.

चाबूककृमी आपला बारीक पुढचा भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिवून बसतो. याच्यावर आधुनिक गोळ्याही अडखळतात, तिथे वनस्पतींकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, कित्येक मीटर लांब असू शकतो. शौचात चपटे, पांढरे, कधी हलणारे तुकडे दिसले तर तो. अर्धवट शिजलेल्या गोमांसातून किंवा डुकराच्या मांसातून येतो. असे तुकडे दिसले तर हा लेख इथेच बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. डुकराच्या मांसातून आलेल्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्याच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि झटके येतात. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे त्याला स्वतःच्याच हातावाटे ही लागण होऊ शकते. घरगुती प्रयोगाची ही जागा नाही.

आणि जिआर्डिया किंवा अमीबा हे जंत नव्हेतच, एकपेशीय जीव आहेत. पुढच्या वनस्पती त्यांच्यासाठी सांगितलेल्या नाहीत. सूतकृमी सोडले तर हे बहुतेक सगळं शौचाच्या तपासणीत कळतं. तपासणीशिवाय औषध सुरू करणाऱ्याला शेवटी औषध लागू पडलं की नाही हेही कळत नाही.

दुसरी पायरी: आपण हे घ्यायला हवं का

इथे मी स्पष्ट बोलतो. अल्बेंडाझोल या आधुनिक जंतनाशकाची 400 मिलिग्रॅमची एक गोळी गोल जंत असलेल्या शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास लोकांचे जंत घालवते. अंकुशकृमीत हे प्रमाण ऐंशीच्या आसपास आहे, चाबूककृमीत मात्र तीसच्या आसपास. गोल जंतांवर याच्या तोडीची आणि इतकी तपासलेली वनस्पती आपल्याकडे नाही. त्यामुळे मूल लहान असेल, जंत खूप असतील, रक्त फार कमी झालं असेल तर वनौषधींच्या नादी लागून वेळ घालवू नये. निरोगी प्रौढ माणूस, तपासणीत थोडेसे गोल जंत किंवा सूतकृमी, जवळ जाणकार वैद्य: वनौषधींची जागा साधारण एवढीच.

गर्भवतींनी, गर्भ राहावा असा प्रयत्न करणाऱ्यांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आईने या वनस्पती घेऊच नयेत. हा नेहमीचा सावधगिरीचा इशारा म्हणून लिहीत नाही. वावडिंग, पिंपळी आणि टाकणखार यांचा योग आयुर्वेदात गर्भनिरोधासाठीच सांगितला आहे, आणि वावडिंगातल्या एम्बेलिन या मुख्य घटकाचा तसा परिणाम प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे. कपिला या पुढच्या पायरीत येणाऱ्या औषधाच्या बाबतीतही तसंच दिसतं. पळसाच्या बियांनाही हाच इशारा लागू आहे. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, आतड्याला सूज किंवा व्रण, झटक्यांचा इतिहास असणाऱ्यांनीही लांब राहावं. पाच वर्षांखालच्या मुलांना घरी मोजून द्यायची ही औषधं नव्हेत.

एक धोका वेगळा काढून सांगतो. पोटात खूप कळा, उलट्या, पोट फुगलेलं आणि शौच-वायू बंद, असं असेल तर गोल जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो. त्या वेळी जुलाबाचं काहीही देणं जिवावर बेतू शकतं. थेट रुग्णालय गाठायचं. गोल जंत डिवचले गेले की भटकतात, पित्ताच्या नळीतही शिरतात. म्हणून अर्धवट मात्रेत, चार दिवस हे आणि चार दिवस ते, असा खेळ करू नये.

तिसरी पायरी: वनस्पती ओळखणं

वावडिंगापासून सुरुवात करू. चरकाने कृमिघ्न द्रव्यांमध्ये श्रेष्ठ म्हणून विडंगाचंच नाव घेतलं आहे. एम्बेलिया रायबीस या वेलीसारख्या चढणाऱ्या झुडपाची ही वाळलेली फळं. मिऱ्यासारखी गोल, पण मिऱ्यापेक्षा लहान, दोन ते चार मिलिमीटर. तांबूस ते काळपट. पृष्ठभाग किंचित खरबरीत. नीट पाहिलं तर एका टोकाला बारीकशी चोच आणि दुसऱ्या टोकाला कधीकधी देठाचा तुकडा दिसतो. टरफल सहज फुटतं आणि आत एकच बी असते, तांबूस, तिच्यावर पिवळसर ठिपके. संस्कृतात तिला चित्रतंडुल म्हटलं आहे ते याच ठिपक्यांवरून. चव तुरट, वास मंद. याच कुळातल्या दुसऱ्या झुडपांची फळंही वावडिंग म्हणून विकली जातात. त्यातल्या काहींत एम्बेलिन असतंही, पण प्रमाणाची खात्री नसते. तयार पूड कधी घेऊ नये. सबंध फळं घ्यावीत, दहा-वीस फोडून आत बी आहे ना आणि ती किडलेली किंवा पोकळ नाही ना हे पाहावं, मग कुटावं.

वावडिंगाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे वावडिंगाचा काढा उकळून, गाळून, चोथा फेकून दिला तर कामाचा मोठा भाग त्या चोथ्याबरोबर जातो. ग्रंथांत जंतांसाठी वावडिंगाचं चूर्ण मधाबरोबर सांगितलं आहे, ते याच्याशी नीट जुळतं. चार दाणे पाण्यात उकळून ते पाणी पाजण्याची पद्धत पोटातल्या वायूसाठी ठीक असेल, पण त्याने जंत पडतील अशी आशा धरू नये.

कपिला किंवा शेंदरी ही दिसायला सर्वांत देखणी. मॅलोटस फिलिपेन्सिस या झाडाच्या तीन कप्प्यांच्या फळांवर लाल भुकटीसारखा थर असतो. फळं चोळून, झटकून तो गोळा करतात. रेशीम रंगवायलाही हीच भुकटी वापरत. हिच्यातला रॉटलेरिन हा कामाचा पदार्थही पाण्यात विरघळत नाही, म्हणून हिचाही काढा व्यर्थ. भेसळ मात्र भरपूर, विशेषतः विटेच्या भुकटीची. चिमूटभर पाण्यावर टाकून पाहा: अस्सल कपिला तरंगत राहतो, विटेची भुकटी तळाला बसते. शेंदरी हेच नाव खाण्याचा रंग देणाऱ्या दुसऱ्या एका झाडालाही आहे, त्याचा जंतांशी संबंध नाही; म्हणून घेताना कपिला म्हणून मागावं. हा स्वतःच जोरदार रेचक आहे. मात्रा जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम, आणि तेवढ्यातही मळमळ आणि मुरडा येऊ शकतो.

पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी. पळसाच्या कागदी शेंगेच्या टोकाला एकच बी असते: चपटी, तांबूस तपकिरी, पातळ सालीची. गोल जंतांवर हिची ख्याती मोठी आहे आणि ती पोकळ नाही. पण हिच्यातला पॅलासोनिन हा पदार्थ रचनेने कँथरिडिनचा जवळचा भाऊ आहे, आणि कँथरिडिन म्हणजे फोड आणणाऱ्या भुंग्यातलं विष. म्हणूनच पळसबियांचा लेप कातडीला लाल करतो आणि जास्त मात्रा मूत्रपिंडांना त्रास देते. जुन्या रीतीत बिया भिजवून, साल काढून, वाळवून मगच चूर्ण करतात आणि ताकाबरोबर किंवा मधाबरोबर देतात. शोधन, म्हणजे शुद्ध करण्याची ही रीत, माहीत असलेल्या वैद्याच्या हातूनच हे औषध घ्यावं. म्हणून इथे मात्रा मुद्दाम देत नाही.

कडू जिरे हेही या यादीतलं जुनं नाव. सूतकृमींसाठी वापरतात. अत्यंत कडू, आणि साध्या जिऱ्याशी त्याचं काही नातं नाही. शहाजिऱ्याशी किंवा कलौंजीशीही त्याची गल्लत होते, तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नका, चव पाहा.

आता स्वयंपाकघरातल्या दोन बिया. पपईच्या काळ्या बियांत मोहरीसारखा झणझणीत पदार्थ असतो, बेंझिल आयसोथायोसायनेट, आणि तो बी ठेचल्यावर किंवा चावल्यावरच मोकळा होतो. सबंध गिळलेल्या बिया सबंधच बाहेर येतात. 2007 मध्ये नायजेरियातला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 60 मुलांपैकी निम्म्यांना वाळवलेल्या पपईबियांचं मधातलं औषध आणि निम्म्यांना नुसता मध दिला. आठवड्याने पहिल्या गटातल्या 30 पैकी 23 मुलांचं शौच परजीवींपासून मोकळं होतं, दुसऱ्या गटातल्या 30 पैकी 5 जणांचं. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण साठ मुलांच्या एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत पपईबियांनी नरांची शुक्राणूसंख्या घटलेली दिसली आहे. महिनोन्महिने रोज खायची ही वस्तू नाही.

लाल भोपळ्याच्या बिया त्या मानाने निरुपद्रवी. त्यांतलं कुकुर्बिटिन पट्टकृमीला लुळं पाडतं. मात्र मात्रा मूठभराची नसते. चीनमध्ये पट्टकृमीवर 60 ते 120 ग्रॅम बिया वाटून देत, त्यावर सुपारीचा काढा आणि मग जुलाब. त्यातली सुपारी घरी करून बघू नका: तिच्यातलं अरेकोलिन जंताला लुळं पाडतं तसं माणसालाही घाम, उलट्या आणि चक्कर आणतं, आणि सुपारी कर्करोगकारक आहे हे सिद्ध झालेलं आहे.

ओव्याबद्दल थोडं विषयांतर करतो. ओव्यातलं थायमॉल हे एके काळी अंकुशकृमीवरचं मान्य औषध होतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 नंतर रॉकफेलर या उद्योगपतीच्या पैशाने अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम झाली, तिचा भर थायमॉलवरच होता. पण प्रौढाची मात्रा साधारण चार ग्रॅम शुद्ध थायमॉल, म्हणजे हिशेब केला तर पाव किलोच्या आसपास ओवा. चिमूटभर ओवा चावून जंत का पडत नाहीत याचं उत्तर या गणितात आहे. आणि चार ग्रॅम थायमॉल घेणं धोक्याचं होतं. त्याने माणसं दगावली, म्हणून ते मागे पडलं.

ज्यांच्या वाटेला जाऊ नये

काही वनस्पती जंतांवर खरंच जबरदस्त चालत आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, सोडून दिल्या गेल्या. डाळिंबाच्या मुळाची साल इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात येते. तिच्यातलं पेलेटिएरिन फ्रान्सचे रसायनतज्ज्ञ तांरे यांनी 1878 मध्ये वेगळं काढलं. पट्टकृमी पडायचा, पण दृष्टी अधू होण्याची आणि चक्कर येण्याची भीतीही होती. लक्षात घ्या, ही मुळाची आणि खोडाची साल; फळाच्या सालीत ते सामर्थ्य नाही. किरमाणी ओव्यातलं (हा आपला साधा ओवा नव्हे) सँटोनिन 1830 मध्ये वेगळं केलं गेलं आणि शंभरेक वर्षं ते गोल जंतांवरचं प्रमुख औषध होतं. घेणाऱ्याला जग पिवळं दिसू लागायचं, आणि मात्रा चुकली तर झटके यायचे. नर नेचा या युरोपातल्या नेच्याचा पट्टकृमीवरचा गुप्त योग सोळाव्या लुईने 1775 मध्ये पैसे मोजून विकत घेतला होता. त्यानेही काही रुग्णांचे डोळे गेले. चिनोपोडियम या वनस्पतीचं तेल असंच: जंत आणि रुग्ण दोघांनाही विषारी, मधलं अंतर फार थोडं.

कडुनिंबाचा पाला प्रौढाने थोडा खाल्ला तर बिघडत नाही, जंतांवर त्याचा भरवसा मात्र नाही. कडुनिंबाचं तेल लहान मुलांना पाजणं ही मात्र जीवघेणी गोष्ट आहे. थोड्याशा तेलाने बाळांना उलट्या, गुंगी, झटके आणि मेंदूला सूज आल्याची, मृत्यूचीही उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कडुनिंबासारख्याच दिसणाऱ्या बकाण निंबाची फळं तर सरळ विषारी.

तयार औषधांतलं एक नाव म्हणजे कृमिमुद्गर रस. ते वनस्पतींचं साधं चूर्ण नाही. त्यात कज्जली, म्हणजे पारा-गंधकाची काळी भुकटी, आणि कुचला ही विषारी बी आहे. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय त्याला हात लावू नये.

चौथी पायरी: घेण्याची रीत

नवख्या प्रौढाने वावडिंगावरच थांबावं. फळं निवडून, हलकी उन्हात तापवून, कुटून वस्त्रगाळ करायची. आयुर्वेदिक औषधसंहितेत प्रौढाची मात्रा 5 ते 10 ग्रॅम दिली आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने पाचाच्या वर जाऊ नये. घरगुती चमचे लहान-मोठे असतात, काट्यावर मोजावं. लागेल तेवढंच चूर्ण करायचं. कुटलेलं महिनोन्महिने ठेवायचं नाही.

आदल्या रात्री हलकं खाऊन लवकर निजायचं. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर अनशापोटी चूर्ण मधात कालवून घ्यायचं, वर कोमट पाणी. नंतर दोन तास काही खायचं नाही. रिकाम्या आतड्यात औषध आणि जंत यांच्यामध्ये अन्न नसतं, एवढंच यामागचं कारण. ग्रंथातली रीत याहून धूर्त आहे. आदल्या संध्याकाळी रुग्णाला दूध, गूळ, दही, तीळ, मासे असं कृमींना आवडणारं भरपूर खाऊ घालायचं, म्हणजे कृमी चाळवून कोठ्याकडे येतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गाठायचं. आमिष लावून गळ टाकावा तसा प्रकार. तो पंचकर्माचा भाग आहे आणि वैद्याच्या देखरेखीत होतो, घरी करण्यासारखा नाही.

किती दिवस घ्यायचं हे वैद्याने ठरवावं. स्वतःहून एका आठवड्याच्या पुढे नेऊ नये. पोटात आग, सारख्या उलट्या, लघवी कमी किंवा लाल, अंगावर पुरळ, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरांना काय आणि किती घेतलं ते नीट सांगायचं. गोळी आणि चूर्ण एकाच वेळी घेण्यात फायदा नाही. त्रास झाला तर कशाने झाला हेही कळत नाही.

पाचवी पायरी: बाहेर काढणं

वावडिंग शौचाला थोडं सैल करतं, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. शेवटच्या दिवशी रात्री सौम्य रेचक घेण्याची रीत आहे. एरंडेल परंपरेने चालत आलं आहे. नर नेचा आणि थायमॉल यांच्याबरोबर मात्र तेल कटाक्षाने टाळत, मीठवर्गाचं रेचक देत. कारण ती विषं तेलात विरघळून अंगात भिनतात. हे ठाऊक असलं म्हणजे कुठल्याही कृमिघ्नावर डोळे झाकून एरंडेल पिणार नाही. कपिला घेतला असेल तर दुसरं रेचक नकोच. अशक्त माणसाला आणि मुलांना जुलाब द्यायचे नाहीत. ज्यांना जुलाब होतील त्यांनी पाणी, मीठ आणि साखर यांची भरपाई करत राहायची.

बाहेर काय पडलं ते बघायला लाजू नका. गोल जंत लगेच ओळखू येतो. पण शेवाळी, लांब, दोरीसारखे धागे दिसले म्हणून हर्षवायू होऊ देऊ नये: रेचकाने खरवडलेला आतड्यातला चिकट द्रव, केळ्याचे तंतू, न पचलेल्या भाजीचे धागे अगदी जंतासारखे दिसतात. शंका असेल तर तो नमुना बाटलीत घालून प्रयोगशाळेत न्यावा. पट्टकृमीच्या बाबतीत जुन्या काळी शौच पाण्यात कालवून काळ्या कापडावर गाळत आणि टाचणीच्या टोकाएवढं डोकं शोधत. मीटरभर शरीर पडलं आणि डोकं आत राहिलं तर दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा तेवढाच होतो.

सहावी पायरी: पुन्हा होऊ न देणं, आणि पुन्हा तपासणं

सूतकृमींत ही पायरी औषधापेक्षा मोठी आहे. अंडी घातल्यावर काही तासांत ती लागण करण्याजोगी होतात आणि चादरीवर, नखांत, खेळण्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी, आणि दोन आठवड्यांनी परत. नखं कापलेली, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ, आतले कपडे रोज बदलायचे, चादरी झटकायच्या नाहीत. झटकल्या की अंडी खोलीभर उडतात. गुंडाळून थेट गरम पाण्यात टाकायच्या. हातावर चोळायच्या सॅनिटायझरवर विसंबू नका, जंतांच्या अंड्यांच्या कवचापुढे त्याचं फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी अंडी मारत नाही, पण धुवून काढतं, आणि तेवढं पुरे.

गोल जंतांची अंडी ओल्या सावलीतल्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्यामुळे मातीत उगवणारं जे काही कच्चं खायचं ते घासून धुवायचं किंवा सोलायचं, आणि मैल्याचं कच्चं खत भाजीला घालायचं नाही. अंकुशकृमीला एकच कुलूप: पायात पादत्राण आणि उघड्यावर शौच बंद.

गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी उपचार संपल्यावर दोन ते तीन आठवड्यांनी शौच पुन्हा तपासायचं. सूतकृमींसाठी चिकटपट्टीची तपासणी. पट्टकृमीचा उपचार डॉक्टरांनी केलेला असला तरी निकाल तीन महिन्यांनीच कळतो. तपासणीत अंडी निघालीच तर वावडिंगाची मात्रा दुप्पट करून बघायची नाही किंवा दुसरी वनस्पती शोधत बसायचं नाही. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि गोळी घ्यायची. अंडी नसतील, तरी गोल जंतांच्या बाबतीत फुप्फुसातून उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी तीन महिन्यांनी आणखी एक तपासणी करून ठेवावी.